लहानपणीच उरकलं?

"बरं झालं, लहानपणीच उरकलं!" मुलाच्या कांजिण्यांबद्दल एका बाईंनी सोसायटीच्या लिफ्टमध्ये काढलेले हे उद्गार मला अजून छळतात. लिफ्ट भरलेली होती आणि मुलाच्या काही फोडांवर खपली धरायची बाकी होती.

ताप, खाज, कडुनिंबाचा पाला, कापलेली नखं हे सारं मराठी घराला सांगायला नको. बहुतेक मुलं आठवड्याभरात हिंडूफिरू लागतात, हेही खरं. पण उरकत काहीच नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येऊ शकतो. हे नातं पक्कं मांडणारा एडगर होप-सिम्प्सन हा मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नव्हता. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावातला साधा फॅमिली डॉक्टर होता. वर्षानुवर्षं आपल्याच पेशंटांच्या नोंदी ठेवून आणि शेटलंडमधलं येल बेट अभ्यासून त्याने 1965 मध्ये ते मांडलं. छोट्या वस्तीत एकदा सगळी मुलं आजारून बरी झाली की विषाणूने जायचं कुठे? तो आजोबांत दबा धरून बसतो आणि नातवंडांची नवी पिढी आली की पुन्हा निघतो. विषाणूची ही चिकाटी मला, खरं सांगायचं तर, भारी वाटते.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. आजार सोसणं ही एक गोष्ट आणि तो पसरवणं ही दुसरी. सोसण्याचा हिशोब घरातल्या घरात मिटतो, पसरवण्याचा मिटत नाही. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल दुसऱ्याला लागण देऊ शकतं आणि ती दिसायला 10 ते 21 दिवस लागतात. तोवर कुणामुळे झालं हे कुणाला आठवतं? त्या लिफ्टमध्ये कांजिण्या न झालेली गर्भवती असती किंवा कर्करोगाचे उपचार घेणारं पोर असतं, तर बाईंच्या समाधानाची किंमत त्यांनी मोजली असती.

बाईंचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. मोठेपणी कांजिण्या जास्त छळतात, न्यूमोनियाही होऊ शकतो. पण त्यावर तोड आहे. स्वतःच्या मुलाचे हाल पाहून कामाला लागलेल्या मिचिआकी ताकाहाशी यांनी जपानमध्ये 1974 साली लस तयार केली. अमेरिकेने ती 1995 पासून मुलांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा 'लस टोचून घ्या' असं बजावून मी थांबणार होतो.

थांबता येत नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते; कांजिण्यांची राष्ट्रीय लसीकरणात नाही. खासगीत दोन डोसांना काही हजार रुपये पडतात. म्हणजे ऐपत असलेल्यांची मुलं सुरक्षित होणार, साथी विरळ होणार, पण थांबणार नाहीत. मग लस न मिळालेली मुलगी लहानपणी सुटेल आणि तिला कांजिण्या गाठतील त्या विशीत, कदाचित पोटुशी असताना. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की कार्यक्रम राबवायचा तर किमान 80 टक्के मुलांपर्यंत पोचायची तयारी हवी. अर्धवट लसीकरणाने आजार मोठ्या वयाकडे सरकू शकतो. निव्वळ 'माझ्या मुलापुरतं' पाहण्यात बाईंचं 'उरकलं' आणि माझं 'टोचून घ्या' अखेर एकाच जातीचं निघालं.

याचा अर्थ आपल्या मुलाची लस टाळावी असा नाही. डॉक्टरांना विचारून ती जरूर द्यावी. पण तेवढ्यावर कर्तव्य संपत नाही. ही लस परवडणाऱ्यांपुरती ठेवायची नसेल, तर ती सगळ्यांना फुकट मिळावी अशी मागणी, ज्यांना ती परवडते त्यांनीच आधी केली पाहिजे. आणि तोवर घरात कांजिण्या निघाल्या, तर शाळेला आणि शेजाऱ्यांना न लपवता कळवा, खपल्या धरेपर्यंत मुलाला घरीच ठेवा.