वाचता न येणारे साहित्य

नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म रहिमतपूरचा. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ भारतीय कायद्याच्या लेखी नाट्यकृती, दुकानात हिशेबासाठी घेतलेले सॉफ्टवेअर साहित्यकृती; संरक्षण दोन्हींना एकाच कायद्याचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम कथा-कादंबऱ्यांच्या पंगतीला येऊन बसला.

नाटकाचा प्रयोग लावायचा तर परवानगी लागते. पण प्रवेश कसा रचलाय, पडदा नेमका कुठे पाडलाय, हे पुस्तक उघडून कोणीही बघावे. गावोगावचे हौशी नाटककार असे वाचूनच तयार झाले. प्रोग्रॅम मात्र हाती येतो तो यंत्राच्या भाषेत. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्या कपाटात. संरक्षण साहित्याचे घ्यायचे आणि वाचू मात्र कोणाला द्यायचे नाही, हा व्यवहार मला तरी एकतर्फी वाटतो.

अमेरिकेत हाच प्रश्न ॲपल आणि फ्रँकलिन या कंपन्यांच्या खटल्यात आला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अपील न्यायालयाने यंत्रभाषेतल्या प्रोग्रॅमलाही कॉपीराइट आहे असे सांगितले. महिना उलटायच्या आत, २७ सप्टेंबरला, एमआयटीच्या रिचर्ड स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. (निकाल वाचून केला असे नव्हे, योगायोगच.) पुढे १९८९मध्ये त्याने जीपीएल हा परवाना आणला: कोड घ्या, बदला, विकासुद्धा, पण पुढे देताना सोर्सही द्या. गंमत अशी की ही अट उभी आहे ती कॉपीराइटच्याच जोरावर. तो हक्क नसता तर अट घालणार कशाच्या आधारावर?

मराठीला या वादाची झळ लागली ती फॉन्टमधून. नव्वदच्या दशकात रहिमतपूरसारख्या गावांत डीटीपीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, वाढदिवसाची पोस्टर, निवडणुकीची पत्रके. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही मराठी टायपिंगची पॅकेजे, प्रत्येकाचे अक्षरांचे कोड निराळे. एका पॅकेजमध्ये टाइप केलेली पत्रिका दुसरीकडे उघडली की ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी कंस, टक्क्याची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरांचा काला. काही पॅकेजांना वर डोंगल. कॉम्प्युटरच्या मागे खोचायची ती छोटी डबी बिघडली की ऐन लग्नसराईत काम ठप्प. मजकूर गिऱ्हाइकाचा, टायपिंग दुकानदाराचे, आणि तो उघडायचा हक्क तिसऱ्याचा.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणाऱ्या युनिकोडने ही भानगड मिटवली, पण त्यात बसणारे मोकळे फॉन्ट हवे होते. २००४मध्ये खुल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. ते पुरवले कोणी? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनीच. मला यात विसंगती दिसत नाही. कारागिराला कामाचे पैसे मिळाले आणि अक्षरे सगळ्यांची झाली. खुल्या सॉफ्टवेअरने पोटावर पाय येतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावे.

प्रश्न कॉपीराइटपुरताच नव्हता, पेटंटचाही होता. २००४च्या अखेरीस दिल्लीत सरकारने वटहुकूम काढून सॉफ्टवेअरच्या पेटंटला दार किलकिले केले होते. २००५मध्ये संसदेने ती दुरुस्ती गाळली आणि पेटंट कायद्याचे कलम ३(के) होते तसे राहिले: निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही.

मोठ्या कंपन्यांचे काय? २००१मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर जीपीएलखालच्या लिनक्स या प्रणालीला कॅन्सर म्हणाले होते. २०१८मध्ये त्याच कंपनीने साडेसात अब्ज डॉलर मोजून खुल्या कोडचे कोठार असलेले गिटहब घेतले. पुढच्या वर्षी आयबीएमने ३४ अब्जांना रेड हॅट घेतली. हृदयपरिवर्तन वगैरे काही नाही. जीपीएलची अट लागते ती प्रत दुसऱ्याच्या हाती दिली तर. प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवरच चालवला तर प्रत कोणाला दिलीच जात नाही, मग सोर्स तरी का द्यावा? म्हणून पत्रिका आज ब्राउझरमध्ये जुळवली, तर अक्षरे ‘मुक्ता’सारख्या खुल्या फॉन्टची असतात, पण ती जुळवणारा प्रोग्रॅम दुकानात कधी येतच नाही. ही पळवाट बुजवायला २००७मध्ये ग्नूचा एजीपीएल हा परवाना आला. गूगलने आपल्या कामात त्याखालचा कोड वापरायला मनाई करून ठेवली आहे.