व्यसनी बांधवाकडे पाहताना
(वाचन : ईयोब २:११-१३, ४२:७)

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात सेंट फिलोमिना कथीड्रलचे १७५ फूट उंचीचे दोन मनोरे उभे आहेत. या मंदिराची कोनशिला १९३३ साली महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांनी बसविली. त्याच सुमारास, त्याच महाराजांच्या आश्रयाने, जवळच्या जगनमोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा सुरू झाली. १९३४ साली त्यांचा किशोरवयीन मेहुणा तेथे आला. आजारांनी खंगलेल्या, ताठर अंगाच्या या मुलाला योग साधेल असे गुरूंना आरंभी वाटत नव्हते. पुढे १९३७ साली पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार ते हेच. त्यांचे शिष्यत्व पत्करलेले धर्मगुरू फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली.

व्यसनी माणसावर एका धर्मगुरूने आसनांचा उपचार करावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु त्यामागे एक धारणा आहे : व्यसन देह, मन व आत्मा या तिहींना घायाळ करते, म्हणून उपचारही तिहींचा हवा. समुपदेशक व्यसनी माणसाला काय समजतो, त्यावर तो त्याचे काय करील हे ठरते. जो त्याला केवळ पापी समजतो तो पश्चात्तापाचा उपदेश करतो. जो रोगी समजतो तो औषध देतो. जो लबाड समजतो तो दाराला कुलूप लावतो.

ईयोबाचे तीन मित्र आठवा. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांनी उत्तम केले! मग त्यांनी तोंड उघडले, आणि बिघडले. त्यांच्यापाशी सिद्धांत तयार होता : दुःख आहे, त्याअर्थी पाप असलेच पाहिजे. समोरचा मनुष्य तळमळून बोलत होता, पण त्याचे शब्द त्यांना ऐकू येत नव्हते. तो जितके नाकारी, तितका त्यांचा सिद्धांत पक्का होई. अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो या धार्मिक उपदेशकांवर.

व्यसनोपचाराच्या क्षेत्रातही असे मित्र पुष्कळ होऊन गेले. अमेरिकेत दीर्घकाळ असे मानीत की, मद्यपी स्वतःचे व्यसन नाकारतोच, म्हणून त्याला चारचौघांत खडसावून त्याचा अहंकार मोडला पाहिजे. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच आढळले. उपचारपद्धती एकच असूनही, जे समुपदेशक रुग्णाचे मनापासून ऐकून घेत त्यांच्या रुग्णांचे पिणे अधिक कमी झाले. पुढे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या अभ्यासात सतराशेंहून अधिक रुग्णांवर तीन भिन्न पद्धती वापरून पाहिल्या. तिन्हींचे फळ जवळजवळ सारखेच निघाले.

म्हणून सिद्धांत निरर्थक ठरतात असे मी म्हणत नाही. व्यसन हा आजार आहे या विचाराने हजारो कुटुंबांच्या मानेवरचे लज्जेचे जू उतरविले. पण याच विचाराआड दडून ‘मी काय करणार, मला आजार आहे’ असे म्हणणारेही आहेत. पापाचा विचारही खोटा नाही. पिणाऱ्याच्या पत्नीला विचारा, तिच्या अंगावरचे वळ काही रोगजंतूंनी उठविलेले नाहीत. सत्य असे तुकड्यातुकड्यांनी हाती येते, आणि समुपदेशक एकच तुकडा घट्ट धरून बसला की रुग्णाची दैना होते.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. व्यसनी मनुष्य दुसऱ्याला आधार देऊ शकेल, हीसुद्धा एक श्रद्धाच होय, आणि ती फळास आली. मात्र स्वतः तरलेल्यालाही एक मोह असतो : मी ज्या नावेने आलो तीच नाव सर्वांना पार नेईल, असे त्याला वाटू लागते.

आता आपल्या मंडळीकडे वळू या. एखादी माता पाळकसाहेबांकडे मुलाला घेऊन येते. प्रार्थना होते, मुलगा साक्ष देतो, सर्वांना आनंद होतो. तीन महिन्यांनी तो पुन्हा पितो. त्या रविवारी त्याच्याशेजारी बाकावर कोण बसते? ‘त्याचा पालट खरा नव्हताच,’ असे आपण म्हणतो तेव्हा अलीफज, बिल्दद व सोफर हेच आपल्या मुखाने बोलत असतात. पुन्हा पिणे हे या आजारात वारंवार घडते. पेत्राचे तीनदा नाकारणे आपण त्याच्या साऱ्या आयुष्याचा निकाल मानीत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या माणसाला एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवण्यापूर्वी तेथील प्रमुखांना विचारा : हा बरा झाल्यावर पुन्हा प्याला, तर तुम्ही काय कराल? उत्तरातून त्यांची धारणा कळेल. मारहाणीची वा बांधून ठेवण्याची भाषा ऐकू आली तर मुलाला घेऊन तसेच परत फिरा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास साखळदंड घालण्यास मनाई आहे. आणि तोच प्रश्न आपल्या पाळकांना व वडीलमंडळालाही विचारा, शक्य तर मुलगा पुन्हा पिण्याच्या आधी.