कलासंस्थांचे कारभारी

महाराष्ट्राबाहेर जेथे म्हणून आम्हा मराठी नोकरदारांची दहा-वीस घरे एकत्र येतात, तेथे गणेशोत्सव सुरू होतो, उत्सवाला नाटक जोडले जाते, नाटकापाठोपाठ संस्था निघते आणि संस्थेला खजिनदार हवा होतो. मग मंडळींची पावले हिशेबखात्यातील एखाद्या सद्गृहस्थाच्या घराकडे वळतात. त्याला नाटकाची आवड आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. हिशेब येतो, एवढे पुरे. वकील भेटला तर त्याच्याकडून घटना लिहून घ्यावी, अभियंता भेटला तर रंगमंच त्याच्याकडे सोपवावा. ज्याला आपला पेशा चांगला येतो त्याला कलासंस्थेचा कारभारही येणारच, असे आपण धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे?

ब्रिटनमध्ये १९७६ साली व्यापारी पेढ्यांचे साहाय्य कलांकडे वळवण्यासाठी एक संघटना निघाली. पुढे ती ‘आर्ट्स अँड बिझनेस’ या नावाने ओळखली गेली. पेढ्यांतील जाणती मंडळी हेरून त्यांना कलासंस्थांच्या नियामक मंडळांवर जागा मिळवून देण्याचा उद्योगही तिने केला. पेशा येणे आणि मंडळावर बसता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यात आलेच. मग या दुसऱ्या गोष्टीचे शिक्षण द्यायचे तर शिकवायचे काय?

काही गोष्टी दोन रविवारांत शिकवून होतील. १८६० चा संस्था नोंदणी कायदा जेमतेम वीस कलमांचा. किमान सात माणसांनी एकत्र यावे, उद्देश लिहून द्यावेत, नियामक मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे पाठवावी. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना १९६४ चे वर्तणूक नियम आणखी निराळे. नियम १५ प्रमाणे नोंदणी झालेल्या साहित्यिक वा सांस्कृतिक संस्थेच्या व्यवस्थेत भाग घेता येतो, पण महिन्याच्या आत तसे कळवावे लागते. निवडणुकीचे पद घ्यायचे तर परवानगी आधी. नियम १२ प्रमाणे मंजुरीवाचून वर्गणी गोळा करता येत नाही. (वर्गणी मागता न येणारा खजिनदार ही वस्तू बहुधा आमच्याच जगात सापडेल.)

खरी अडचण याच्या पुढची आहे. कार्यालयात आमचे सारे शिक्षण टिपणी लिहिण्याचे असते. दोन्ही बाजू मांडाव्यात, नियम उद्धृत करावा आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’ असे लिहून फाइल वर पाठवावी. निर्णय वरचा, सही वरची, दोषही वरचाच. ही सवय इतकी मुरते की नियामक मंडळावर बसल्यावरही आम्ही टिपणीच लिहीत राहतो. पण मंडळाच्या वर कोणी नसते. फाइल तेथेच संपते. व्यावसायिक माणसाला शिकवायचे असेल तर ही जागा कशी असते ते शिकवावे लागेल.

त्या जागेवर येणारे प्रश्न हिशेबाचे वाटतात, पण निव्वळ हिशेबाचे नसतात. संगीत नाटकाच्या तालमींना तबलजी रोज कशाला, शेवटच्या चार दिवशी आला तरी चालेल, असे खजिनदार म्हणतो. वाचलेली रक्कम त्याला वहीत दिसते; गाणाऱ्याचे गेलेले बळ वहीत कोठे लिहायचे? याच्या उलट टोकाचा सभासदही आम्ही पाहिला आहे. त्याला कलेतले कळते, निदान तसे त्याला वाटते, आणि पैशाच्या मंजुरीबरोबर तो तिसरा अंक कसा असावा हेही सांगतो. आमच्या मते हा पहिल्यापेक्षा अधिक घातक. पहिल्याला तालमीला नेऊन बसवता येते; दुसरा तेथे आधीच ठाण मांडून बसलेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे उदाहरण अशा वेळी पुढे केले जाते. ब्रिटनच्या अर्थखात्याचा हा सल्लागार १९४२ पासून कलांना उत्तेजन देणाऱ्या सरकारी परिषदेचा अध्यक्ष होता. तिचेच रूपांतर आर्ट्स कौन्सिलमध्ये झाले आणि नव्या संस्थेला सनद मिळण्यापूर्वीच, एप्रिल १९४६ मध्ये, तो वारला. पण त्याची पत्नी नर्तकी होती आणि केंब्रिजचे १९३६ मधले नाट्यगृह उभारताना त्याने स्वतःचा पैसा ओतला होता. असा माणूस वर्ग भरवून तयार होत नाही, आणि त्याची वाट पाहत संस्थांना थांबताही येत नाही.

आम्हाला अधिक छळते ते पलुस्करांचे उदाहरण. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईस आणले, तेथे कर्ज काढून वास्तू उभारली आणि त्या कर्जापायी ती लिलावात गेली. कर्ज काढण्याच्या वेळी शेजारी एखादा शिकवून तयार केलेला व्यावसायिक असता तर? त्याने आकडे मांडले असते: जलशांचे उत्पन्न अनिश्चित, व्याज निश्चित. आकडे बरोबरच ठरले असते. पण त्याच हिशेबाने पाहिले तर एका गवयाने लाहोरला शाळा काढणेही वेडेपणाच होता, आणि त्या वेडेपणातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास घडले. १९३१ मध्ये गुरू गेल्यावर शिष्यांनी जे केले ते विचार करण्यासारखे आहे: पुन्हा एकाच्या खांद्यावर भार न टाकता त्यांनी मंडळ स्थापले, आणि ते आजही आहे.

तेव्हा त्या सभेत सभासदाने काय करावे? कर्ज फेडता येणार नाही, हे कलावंताच्या तोंडावर, साध्या शब्दांत सांगावे. एवढे ऐकूनही मंडळाने कर्ज काढायचे ठरवले, तर दोन वाटा उरतात. विरोध इतिवृत्तात नोंदवून राजीनामा द्यावा, ही कार्यालयाने शिकवलेली वाट. तिच्यात आपले हात स्वच्छ राहतात. विरोध नोंदवून तेथेच राहावे आणि उद्यापासून ते कर्ज आपले मानून हप्त्यांची व्यवस्था बघावी, ही दुसरी. लबाडी दिसली तर पहिलीच वाट धरावी, त्यात वाद नाही. पण नुसत्या धाडसाला भिऊन जो उठून जातो, त्याने सल्ला दिला, कारभार केला नाही.

हे शिकायला वेळ लागतो, आणि आमच्या संस्थांना वेळच मिळत नाही. तीन-चार वर्षांत बदलीचा हुकूम येतो आणि खजिनदार वही दुसऱ्याच्या हाती देऊन आगगाडीत बसतो. वही मिळते, कोणत्या गायिकेला बिदागी आधी द्यावी लागते आणि कोणत्या नटाला मागताना संकोच वाटतो, हे वहीत नसते. दरवर्षी एखाद्या तरुण मराठी नोकरदाराला मताचा अधिकार न देता सभेत शेजारी बसवावे आणि महिन्यातून दोनदा तालमीलाही न्यावे, एवढे आमच्या मंडळांना जमण्यासारखे आहे. चहाचे बिल मात्र त्याच्याकडून लिहून घ्यावे.