गैरहजेरीची खूण

गेली वीस-बावीस वर्षे मी शाळेचा हजेरीपट भरीत आलो आहे. ओढ्याकाठी बोरे पाडीत बसलेला पोरगा आणि आजारी आईच्या उशाशी बसलेला पोरगा, दोघांच्या नावापुढे पटावर एकच खूण पडते. पटाचा त्यात दोष नाही. पटाने दिवस मोजायचे असतात, मने नव्हेत. हे मला रोजच्या कामाने शिकवले होते. तरीही ऐन वेळी मी ते विसरलो, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

माझा एक विद्यार्थी टोरांटोला असतो. कॅनडाचे नागरिकत्व मागायचे, तर अर्जापूर्वीच्या 5 वर्षांत किमान 1,095 दिवस त्या देशात प्रत्यक्ष राहिलेले असावे लागते. मधल्या काळात देशाबाहेर केलेल्या फेऱ्या तारखांनिशी मांडाव्या लागतात. कृपणाने पै-पै गाठीला बांधावी तसे त्याने ते दिवस जमवले होते. बहिणीच्या लग्नाला आला, तोही 9 दिवसांत परतला. अखेर आकडा भरला, अर्ज गेला. आणि पुढच्याच महिन्यात त्याची आई अंथरुणाला खिळली.

त्याचा फोन आला. "गुरुजी, अर्ज आत्ताच दिलाय. निघू की थांबू?"

मी त्याच्या घरी गेलो. काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मास्तर, त्याला म्हणावं, हातातलं काम पुरं करूनच ये." आईने दुसरे काय म्हणावे! मी निरोप जसाच्या तसा पोचवला आणि वर स्वतःचे शहाणपणही जोडले : "अरे, एखाद्या देशाला आपला म्हणायचे आणि त्याच पावली तो सोडून निघायचे, हे बरे दिसत नाही. थांब थोडा."

तो थांबला. सातव्या आठवड्यात काकू गेल्या. तिसऱ्या दिवशी तो अंगणात उभा होता. 16 दिवस राहिला आणि परत गेला. अर्जाला काहीही झाले नाही.

जाण्यापूर्वी त्याने मला नियम वाचून दाखवला. अर्जावर सही करण्यापूर्वीचेच दिवस मोजणीत धरतात. नंतरचे धरीत नाहीत. अर्ज दिल्यावर बाहेर जाता येते. कायम रहिवाशाच्या अटी पाळाव्यात, आलेल्या पत्राला उत्तर द्यावे, चाचणीला आणि शपथेला बोलावतील तेव्हा हजर राहावे, एवढेच. म्हणजे कायद्याने त्याला अडवले नव्हते. अडवले ते मी.

मी असे का केले, याचा विचार करताना वाटते, की मी मोजणीलाच निष्ठा समजून बसलो. राज्याला माणसाची निष्ठा दिसत नाही, म्हणून ते बिचारे दिवस मोजते. आपणही मोजतोच. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार परकीयाला सर्वसाधारणपणे अर्जाआधीचे 12 महिने सलग आणि त्याच्याही आधीच्या 14 वर्षांत एकूण 11 वर्षे येथे काढावी लागतात. ही मोजणी क्षुद्र नाही. तिच्याशी खरेपणानेच वागले पाहिजे. जो एखादी फेरी लपवतो, तो नव्या घराचा पायाच खोटा घालतो. परंतु मोजणीचे देणे तिला चोख दिल्यावर उरलेल्या दिवसांवर तिचा हक्क राहत नाही. आपणच भीतीपोटी तेही तिच्या पदरात टाकतो, आणि वर त्याला कर्तव्य म्हणतो.

कोणी म्हणेल, ज्याला आपला देश सोडायचाच आहे, त्याच्यासाठी एवढा जीव का जाळावा? सोडणे खरे आहे, आणि ते मला हलके वाटत नाही. कॅनडा 1977 पासून दुसरे नागरिकत्व ठेवू देतो. आपला कायदा देत नाही. तिथली शपथ घेतली, की इथले नागरिकत्व सुटते आणि पारपत्र परत करावे लागते. पुढे मागितल्यास ओसीआय कार्ड मिळते. ही सोय 2005 सालची. ते म्हणजे माहेरवाशिणीचे येणे. यावे, हवे तितके राहावे. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घराच्या किल्ल्या आता कमरेला नाहीत.

तरीही, आई आजारी असता लेकीला माहेरी न धाडणाऱ्या सासराला आपण नावे ठेवतो. इथे सासर तर 'जा' म्हणत होते; 'बरे दिसत नाही' म्हणाला तो शेजारी.

गेल्या महिन्यात त्याने राजा तिसरा चार्ल्स याच्याशी निष्ठेची शपथ घेतली. त्या रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "गुरुजी, आईला सांगायचं राहिलं."

परवा सहामाही परीक्षेच्या तोंडावर चौथीतला एक मुलगा रजेचा अर्ज घेऊन पुढे आला. आई आजारी होती. मी आधी नियमांचे पुस्तक काढून नीट वाचले. मग पटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली आणि त्याला म्हटले, "पळ, बाळ."