जरा आधी दाबा

आपल्याकडे कुणाची गाडी मागितली, की किल्लीबरोबर एक तोंडी पोथीही मिळते. "हॉर्न वाजत नाही, पण डावीकडे वळताना आपोआप वाजतो. दुसऱ्या गिअरला थोडी रुसते. पेट्रोलचा काटा बघू नका, तो श्रद्धेचा विषय आहे." कारखान्याने छापलेलं माहितीपुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरं करकरीत असतं, गाडी चालते ती या पोथीवर. आमच्या बदलापूरला तर ही परंपरा फार जुनी असावी. पूर्वी प्रवासी इथे घोडे बदलत म्हणून हे बदलापूर, असं गावात सांगतात. ते खरं असेल, तर ताजा घोडा हाती देतानाही कुणीतरी म्हणालंच असेल, "जनावर गुणी आहे हो, फक्त लगाम जरा आधी ओढा."

या "जरा"ने मला परवा चांगलंच विचारात पाडलं.

मला उल्हासनगरला कपाट पाहायला जायचं होतं. आमचे शेजारी अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि मनाने उदार आहेत. ते म्हणाले, "लोकलला कशाला लोंबकळता? माझी मोटारसायकल न्या की! पुढचा ब्रेक तेवढा जरा मऊ आहे. जरा आधी दाबा. दोन दिवसांत सवय होते."

गाडी उभी असतानाच मी ब्रेकचा लिव्हर दाबून पाहिला. गरम गुलाबजाम दाबावा तसा तो आत गेला आणि थेट मुठीला टेकला. दोनतीनदा भराभर दाबल्यावर मात्र थोडा ताठ झाला. सरकारी कचेरीसारखं काम! पहिल्या खेपेला दाद नाही, तिसऱ्या खेपेला मान वर. आता बदलापूर ते उल्हासनगर या रस्त्यावर रिक्षा, गाई, खड्डे आणि वरातींपैकी कुणीही आगाऊ सूचना देऊन आडवं येत नाही. या पट्ट्यात खात्रीने जागच्या जागी थांबलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर. ते इसवी सन १०६० पासून थांबलेलं आहे. मी शेजाऱ्यांचे आभार मानले आणि लोकलला लोंबकळलो.

कपाटांच्या गल्लीच्या तोंडाशीच एक मिस्त्री कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकशी झटत बसला होता. उल्हासनगरच्या मालावर "मेड इन यूएसए" असा छाप असतो आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी एकमेकांना पुरेसा सांगून झाला आहे. पण फाळणीनंतर लष्कराच्या ओसाड छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी जे गाव उभं केलं, तिथे हाताला कौशल्य असल्याशिवाय चूल पेटली नसती. मी त्याला शेजाऱ्यांच्या ब्रेकचं दुखणं सांगितलं.

"दाबत राहिलं की कडक होतो ना? मग पाइपात हवा आहे साहेब," तो मान वर न करता म्हणाला. "तेल दबत नाही, हवा दबते. तुमचा सगळा जोर हवाच खाऊन टाकते."

पुढे त्याने मला सगळी वैद्यकी शिकवली. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड झिजलेत किंवा त्यांना तेल लागलंय. लिव्हर धरून ठेवला आणि तो हळूहळू आत खचत गेला, तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलंय. मागच्या चाकाला ड्रम असेल तर तिथे तेल नाही आणि हवाही नाही. तिथे सळईचा नट आणि आतले शू बघायचे. हवा काढायची रीत तर त्याने करूनच दाखवली. खाली कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावायची, लिव्हर दाबून धरायचा, निप्पल सैल करायचं, बुडबुडे बाहेर आले की आवळायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. बुडबुडे संपेपर्यंत हेच. वरच्या डबीतलं तेल मात्र संपू द्यायचं नाही, नाहीतर काढली त्याच्या दुप्पट हवा आत!

हे तेल हवेतला ओलावा पीत असतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. डॉट ४ जातीचं ताजं तेल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी प्यायलेलं १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. माळशेज घाट उतरताना सारखा ब्रेक धरून ठेवला की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. आमच्या बदलापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदी घराघरांत पाहुणी आलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ओलाव्याबद्दल मी काय सांगणार? माणसांनाही बुरशी येते तिथे!

१ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक जोडणारं सीबीएस. पण सरकार ब्रेक देईल. त्यातलं तेल बदलायची बुद्धी कुठल्या राजपत्रातून देणार?

संध्याकाळी मी हे ज्ञान शेजाऱ्यांना दिलं. ते हसले. "अहो, आठ महिने चालवतोय. काही झालं का?"

या प्रश्नाला तर्काने उत्तर नाही. काही झालं असतं, तर तो विचारायला ते नसते. पण बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्रेकमागचा नियम ज्या फ्रेंच पास्कलच्या नावाने ओळखला जातो, त्याच पास्कलची एक पैजही प्रसिद्ध आहे. देव मानला आणि तो निघाला तर अपार लाभ. नाही निघाला तर नुकसान थोडकं. तेव्हा मानलेला बरा. आमचे शेजारी हीच पैज उलटी लावत होते. जिंकलो तर तेलाच्या बाटलीचे पैसे वाचले, हरलो तर सगळंच गेलं.

तुम्ही म्हणाल, त्यांचा जीव, त्यांची पैज. तुम्ही कोण लुडबुडणारे? मलाही तसंच वाटलं असतं. पण जूनपासून त्यांचा मुलगा तीच गाडी घेऊन उल्हासनगरच्या कॉलेजात जाणार होता. आठ महिन्यांत शेजाऱ्यांच्या बोटांनी जे शिकून घेतलं होतं, कधी दाबायचं, किती आधी, कितीदा, ते किल्लीला बांधून देता येत नाही. मुलाच्या हाती येणार होता तो नुसता ब्रेक, बापाच्या सवयीशिवायचा. धोक्याची सवय करून घ्यायचा हक्क माणसाला असेलही. पण सवयीने झाकलेला धोका "जरा" या शब्दात गुंडाळून दुसऱ्याला द्यायचा, हा हक्क कुठून आला? वाटेत आडवा येणारा म्हातारा तर त्या पैजेत सामीलही नसतो.

आणि गंमत अशी, की शेजारी खोटं काहीच बोलले नव्हते. ब्रेक मऊ आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. फक्त त्या खऱ्यामध्ये थोडी हवा होती.

मी हे वहिनींसमोर पुन्हा एकदा बोललो. त्यांनी निप्पल, पास्कल काही ऐकलं नाही. नवऱ्याकडे वळून एवढंच विचारलं, "जरा म्हणजे किती?"

रविवारी गाडी मिस्त्रीकडे गेली.

तेव्हापासून "छातीत जरा दुखतंय", "भिंतीला जरा चीर आहे", "मुलगा जरा तापट आहे, लग्नानंतर निवळेल" अशी वाक्यं कानावर पडली, की मला तो मुठीला टेकणारा लिव्हर आठवतो. सांगणारा प्रामाणिक असतो आणि ऐकणाराही समजूतदार असतो. मधल्या नळीत हवा असते, एवढंच. अशा वेळी वहिनींचा प्रश्न मोठ्याने विचारायला हरकत नाही. समोरच्याला राग येईल, पण जरा.