वेलीचा गुन्हा

वेल म्हटली की आपले मन हळवे होते. तिला आधार द्यावा, मांडव घालावा, हा आपला संस्कार. अमेरिकेच्या दक्षिण भागातली ‘कुडझू’ पाहतानाही प्रथम कौतुकच वाटते. रस्त्याच्या कडेला हिरव्या टेकड्याच टेकड्या! निरखून पाहावे, तर एकेका टेकडीखाली एकेक झाड गाडलेले.

ओळखायला ती सोपी. पळसाला पाने तीनच, तशी हिलाही. एका देठावर तीन दले. कोवळ्या खोडावर लव, आणि उन्हाळा सरता सरता द्राक्षांच्या वासाचे जांभळे तुरे. भर हंगामात ती दिवसाला फूटभरही वाढते. झाडाचा रस ती शोषीत नाही, नुसते त्याच्या वाटचे ऊन घेते. झाड उभ्या उभ्या उपाशी मरते.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानने ती मांडली. लोकांनी हौसेने ती ओसरीवर चढवली. पुढे कापसाने कस गेलेली माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली, तेव्हा १९३०नंतरच्या दशकात सरकारने एकरी ८ डॉलरपर्यंत देऊन शेतकऱ्यांकडून ती लावून घेतली. हेतूत खोट नव्हती. वेलीने माती धरलीही. फक्त थांबायचे कुठे, हे तिला ठाऊक नव्हते. १९५३ साली सरकारी शिफारस गेली, १९७० साली ती तणांत जमा झाली. कालची लक्ष्मी आज अवदसा!

जपानात मात्र हीच शरदाच्या सात फुलांत मानाने मोजली जाते. तिच्या कंदाच्या सत्त्वाची मिठाई करतात. तिची चुलत बहीण घोडवेल आपल्या सह्याद्रीत आहे. तिचा विदारीकंद वैद्यांच्या कामी येतो. तिला कुणी राक्षसीण म्हणत नाही. मग गुन्हा कुणाचा?

वेल निरपराध आहे, असे मी मानतो. आणि ती उपटली पाहिजे, असेही मानतो. पुष्कळांना ही दोन वाक्ये एका घरात नांदतील असे वाटत नाही. शिक्षेला आधी अपराध हवा, ही आपली न्यायाची कल्पना. म्हणून उपटणारे तिला शिव्या देतात आणि दयाळू माणसे कोयता खाली ठेवतात. खाली गुदमरणाऱ्या झाडाला त्या दयेचा काय उपयोग? आपल्याकडे बाई शेत खुरपते तेव्हा तणावर दात-ओठ खात नाही. उपटते, बांधावर टाकते, पुढे सरकते.

कुडझूचे खुरपणे मात्र लांबणीचे. कंद जमिनीत खोल. वरून कापली की पुन्हा फुटते. काही ठिकाणी तिच्यावर शेळ्या सोडतात. त्याही एका हंगामात पुऱ्या पडत नाहीत, पुन्हा पुन्हा आणाव्या लागतात. त्यांची तक्रार नसते. पाला गोड लागतो.