नवस फेडला, ऋण राहिले

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आमच्या पलूस भागातल्या माणसांचे पाय आपोआप औदुंबराकडे वळतात. गेल्या दत्तजयंतीला मीही गेलो होतो, पण या वेळी नवस फेडायला. विमल पादुकांवर अभिषेक झाला, तीर्थप्रसाद घेतला आणि कृष्णेच्या घाटावर येऊन बसलो. समाधान वाटायला हवे होते. पण मनाला एक गोष्ट टोचत होती. तीच आज भक्तमंडळींपुढे मांडतो.

त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास छातीत कळ आली. घाम सुटला, डावा हात जड झाला. शेजारच्या मुलाने गाडी काढली आणि मला एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले. तिथल्या सिस्टरने मला खाटेवर घेतले, एक गोळी चावायला दिली, एक जिभेखाली ठेवायला सांगितली आणि डॉक्टरांना बोलावून ईसीजी काढला. सगळे पाच-दहा मिनिटांत झाले. तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा आणला. त्याला साप चावला होता. सिस्टर आणि डॉक्टर दोघेही तिकडे धावले.

मी जन्मभर बँकेत टोकन पाहून माणसे बोलावली. आधी आला त्याचे काम आधी, हा माझा धर्म. मला राग आला. मी ओरडलो, "अहो, मी आधी आलोय! माझा जीव काय फुकटचा आहे?" आणखीही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. ती वळून एवढेच म्हणाली, "काका, तुमचं औषध सुरू झालंय. त्याचा श्वास थांबतोय. आलेच मी."

मला नंतर कळले की अशा ठिकाणी नंबर येण्याच्या वेळेवर ठरत नाही, धोक्यावर ठरतो. नाग किंवा मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. पण त्या घटकेला मला फक्त माझी छाती दिसत होती.

थोड्या वेळाने मला उलटी झाली. सदरा, धोतर, चादर सगळे खराब झाले. मुलगा बाहेर कागद भरत होता. लाजेने मी डोळे मिटून घेतले. तीच सिस्टर आली, कोमट पाण्याने माझे तोंड पुसले, कपडे बदलले, चादर बदलली. नाक मुरडले नाही, की मघाच्या बोलण्याचा एक शब्द काढला नाही. "होतं असं काका, लाजायचं काय त्यात," म्हणाली आणि पहाटेपर्यंत येता-जाता माझ्या नाडीवर हात ठेवत राहिली. सकाळी तिची ड्युटी संपली, मला दुसऱ्या वॉर्डात हलवले. तिचे नाव मी विचारले नाही.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "दत्त महाराजांनी वाचवलं." ते खरेच आहे, आजही माझी तीच श्रद्धा आहे. पण घाटावर बसलो असताना मनात आले, महाराजांचा अभिषेक मी आठवणीने केला, त्या बाईला मात्र साधा नमस्कारही केला नाही. उलट शिव्या दिल्या त्या तिलाच. मग माझी ही कृतज्ञता कसली?

सोबतच्या एका स्नेह्यांना हे बोललो. ते म्हणाले, "अहो, देवच तिच्या रूपाने आला. देवाला पोचलं म्हणजे तिला पोचलं." बोलणे गोड वाटले, पण पटले नाही. समोर पाहिले तर पैलतीरावर भुवनेश्वरीचे देऊळ. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातली कथा आपण सगळे जाणतो. करवीरचा तो मंदबुद्धी ब्राह्मणपुत्र, लोकांनी हिणवलेला. देवीपुढे उपाशी बसला, शेवटी आपली जीभ कापून तिच्या चरणी वाहिली. देवीने काय केले? स्वतः जीभ दिली नाही. पलीकडच्या तीरावर औदुंबरातळी कोण बसले आहे, ते दाखवले. मुलगा नदी पार करून आला आणि श्रीनृसिंहसरस्वतींच्या पायांवर पडला. देवीने पाठवले म्हणून देवीलाच नमस्कार करून तो घरी गेला नाही. ज्या हाताने काम झाले त्या हातापर्यंत तो पोचला. मी मात्र अलीकडच्या तीरावरूनच परत फिरलो होतो.

माणसाला देव म्हणणे तसे सोपे असते. देवाला झोप लागत नाही, पाय दुखत नाहीत, कोणी टाकून बोलले तर डोळ्यांत पाणी येत नाही. सिस्टरला हे सगळे होते. तिला देव म्हटले की आपण तिला माणूस म्हणून द्यायचे देणे चुकवतो. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋण सांगितले आहे. ते वेगळे सांगावे लागले, कारण पहिल्या तिघांच्या खात्यात ते जमा होत नाही.

दुसरे एक जण म्हणाले, "तिला पगार मिळतो की!" मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण पगार कशाचा मिळतो? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे नावाच्या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. अतिरेकी आवारात शिरले, गोळ्या सुटू लागल्या. कुलथे यांनी वॉर्डाचे दार लावून घेतले आणि सगळ्यांना टोकाच्या एका लहान खोलीत नेऊन बसवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने त्यांनी प्रसूतिगृहापर्यंत पोचवले. पुढे कसाबला ओळखून त्यांनी साक्षही दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती रात्र सांगितली. त्या रात्रीचा पगार इतर रात्रींएवढाच असणार. पगार तासांचा असतो. त्या तासांत जे मनापासून दिले जाते, त्याची नोंद पगारपत्रकात होत नाही. काउंटरवर मीही पगार घेतला, पण एखाद्या अडाणी म्हातारीचा फॉर्म भरून देताना तिने "लेकरा" म्हटलेले अजून आठवते. ते पगारात नव्हते.

मग हे ऋण फेडायचे कसे? फाल्गुनात तपासणीला गेलो तेव्हा पेढे घेऊन अपघात विभागात गेलो. रात्र, खाट, साप चावलेला पोरगा, सगळ्या खुणा सांगितल्या. ती सिस्टर नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेली होती. पोरगा वाचला, एवढे कळले. तिथल्या वयस्क सिस्टर हसून म्हणाल्या, "काका, बरा झालेला माणूस इकडं फिरकत नाही. नाही आला की आम्ही समजतो, बरा आहे." त्यात तक्रार नव्हती. पण मला ते फार लागले.

बँकेत एक नियम असतो. खातेदार सापडत नाही म्हणून त्याची रक्कम बँकेची होत नाही. दहा वर्षे व्यवहार झाला नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण हक्क खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचाच राहतो. तसेच हे. धनको दिसत नाही म्हणून ऋण माफ झाले, असे मानता येत नाही.

उत्तर मला आपल्या दत्तगुरूंच्याच घरी सापडले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, मधमाशी, कोळी, बांगड्या काढून ठेवणारी कुमारिका. यांतल्या कोणालाही आपण गुरू झालो याचा पत्ता नाही. अवधूतांनी त्यांना दक्षिणा दिल्याचे कुठे नाही. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. जे शिकले ते अंगी बाणवले, आणि विचारणाऱ्यापुढे त्यांचे गुरुपण उघड सांगितले. ज्याला परत देता येत नाही, त्याचे ऋण असे पुढे द्यायचे असते. पृथ्वीकडून अवधूत क्षमा शिकले. मला ती त्या रात्री चादर बदलणाऱ्या हातांनी शिकवली.

त्या दिवशी पेढे वाटून बाहेर पडताना एक गृहस्थ एका तरुण नर्सवर ओरडत होता, "आम्ही आधी आलोय!" मी त्याच्याजवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि माझी हकीकत सांगितली. तो गप्प झाला, बाकावर बसला. पोरीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि आत गेली. मी समजलो, पहिला हप्ता भरला गेला.

यंदाही अभिषेक करणारच आहे. पण या वेळी संकल्पात एक वाक्य जास्त असेल: महाराज, जिचे नाव मी विचारले नाही, तिला सुखी ठेवा, आणि तिच्यासारख्या कोणावर माझा आवाज पुन्हा चढू देऊ नका. आपणही कोणी दवाखान्यातून बरे होऊन घरी आला असाल, तर देवळात अवश्य जा. पण आधी तिचे नाव विचारून घ्या.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त.